दादांनी त्या वर्षी सोडलेली गोष्ट

फेब्रुवारी सरत आला की आमच्या जुळे सोलापुरात कडुनिंबाची पानं गळायला लागतात. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं होतं. ऊन अजून पुरतं तापलेलं नसतं, पण त्याची चाहूल लागते. माळ्यावरचे कूलर खाली येतात, त्यांतलं जुनं गवत बदललं जातं, कोपऱ्यावर कलिंगडांचे ढीग लागतात आणि नळाला पाणी कधी येणार हे शेजारीपाजारी जरा जास्त गंभीरपणे विचारू लागतात. आमच्या घरी ह्याच सुमाराला आणखी एक प्रश्न येतो. रविवारची उपासना संपताना पाळकसाहेब सांगतात की येत्या बुधवारी राखेचा बुधवार, लेंत सुरू होतोय. मग बाहेर गाड्या काढता काढता लोक एकमेकांना विचारतात, "मग, यंदा काय सोडणार?"

ईस्टरच्या आधीचे हे उपवासाचे दिवस. प्रभू येशू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याची आठवण म्हणून ह्या काळात आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. हल्लीची मुलं मोबाईल सोडतात, म्हणजे थोडाथोडा सोडतात. मी लहानपणी दरवर्षी पेपरमिंटच्या गोळ्या सोडायची आणि ईस्टरच्या दिवशी एवढ्या खायची की पोट दुखायचं. दादा, म्हणजे माझे वडील, चहातली साखर सोडायचे. बिनसाखरेचा चहा पिताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की घरातल्या सगळ्यांना तो उपवास दिसावा. आई काय सोडायची ते मात्र कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायची, "माझं मला ठाऊक आणि देवाला ठाऊक," आणि भाकरी थापायला लागायची.

दादा मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. सोडणे ह्या क्रियापदावर ते एकदा अख्खा तास बोलले होते म्हणे. गाठ सोडायची, गाय सोडायची, पाहुण्याला स्टँडवर सोडायचं, व्यसन सोडायचं. आणि गंमत अशी की उपवास धरायचा तोही शेवटी सोडायचाच. घरीही त्यांचं हे चालूच असायचं. वाण्याच्या दुकानावरची पाटी, लग्नाची पत्रिका, मंडळीच्या उपासनेचा छापील कागद, ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. खिशात लाल पेन असायचंच. आई करकंबची. लग्न होऊन आली तेव्हा ती 'हाय' आणि 'न्हाय' म्हणायची. दादांनी ते 'आहे' आणि 'नाही' केलं. रागावून नव्हे, पण न थकता. मी जन्मले तोवर आईचं मराठी पुस्तकातल्यासारखं झालं होतं. करकंबची माणसं आली की तेवढ्यापुरतं ते सैल व्हायचं.

मी ज्या लेंतबद्दल सांगते आहे, त्याच्या आदल्या वर्षी आईचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग दूध उतू जाणं, मग शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे वाढत जाणार, सांभाळून घ्या. मी बँकेत नोकरीला. सकाळी निघाले की संध्याकाळी परत. दिवसभर घरात ती दोघंच. दादांनी सांभाळून घेण्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. त्यांना वाटलं, जे विसरलंय ते पुन्हा शिकवायचं. आई म्हणाली, आज रविवार, की ते म्हणायचे, "रविवार नाही, गुरुवार. सांग बघू, गुरुवार." आई निमूटपणे म्हणायची, "गुरुवार." आणि तिच्या बोलण्यात एकेक करून ते जुने हाय-न्हाय परत येत होते. तेही दादा दुरुस्त करायचे. मला वाटतं, त्यांना ती कुठेतरी मागे मागे निघाल्यासारखी दिसत होती आणि ते तिचा पदर धरून ठेवत होते.

सगळ्यात अवघड होतं ते शालूमावशीचं. शालूमावशी आईची धाकटी बहीण. नातेपुत्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नव्हतं. शेवटच्या आजारात आम्ही तिला सोलापूरला आणलं. इथंच ती गेली, इथंच तिला माती दिली. त्याला तीन वर्षं झाली होती. आईनं तेव्हा तिची शेवटपर्यंत सेवा केली होती. पण आता तिला तेवढंच आठवेनासं झालं होतं. खिडकीशी बसून ती विचारायची, "शालू आली न्हाय का अजून?"

दादा सांगायचे, "नाही, रत्ना. शालू देवाघरी गेली. तीन वर्षं झाली."

आणि आईला ती बातमी प्रत्येक वेळी नवी असायची. ती तोंडावर हात घ्यायची, खाली बसायची, रडायची. मग केव्हातरी रडणं विसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी दादांना म्हटलं, "तुम्ही नका ना सांगू."

"मग काय, खोटं बोलू?" ते म्हणाले. "आयुष्यभर पोरींना खरं बोला म्हणून सांगितलं. आता बायकोशी खोटं बोलू?"

त्यांच्या दृष्टीनं हा साधा प्रश्न नव्हता. खोटं बोलू नये ही त्यांच्यासाठी आज्ञा होती. ती आपल्या सोयीनं वाकवायची नसते, असंच ते मानत आले होते.

लेंत सुरू व्हायच्या आधीच्या त्या शनिवारी मी अर्ध्या दिवसानंतर घरी आले, तर दार उघडं आणि दादा अनवाणी रस्त्यावर. आई घरात नव्हती. सकाळपासून तिनं शालूचं पुनःपुन्हा विचारलं होतं आणि शेवटी दादांनी वर्गातल्यासारखा आवाज चढवला होता. "वारली शालू. मेली. आपण दोघं होतो तिच्या मातीला." त्यानंतर आई आत जाऊन पडली, त्यांचाही डोळा लागला आणि तेवढ्यात ती बाहेर पडली.

ती आम्हाला कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपवर सापडली. तिथले रिक्षावाले आम्हाला ओळखत होते. त्यातल्या एकानं तिला आपल्या रिक्षात सावलीला बसवून पाणी दिलं होतं. तिनं कपाटातली पांढरी साडी नेसली होती, चर्चला नेसायची ती. मांडीवर पिशवी, पिशवीत एक टॉवेल आणि बायबल.

"कुठं निघालीस, रत्ना?" दादांनी विचारलं.

"नातेपुत्याला," आई म्हणाली. "शालूच्या मातीला. ते लोक थांबतील का न्हाय माझ्यासाठी, कुणास ठाऊक."

दादा रिक्षाच्या दांड्याला धरून उभे राहिले. रिक्षावाल्यानंच आम्हाला घरी आणलं, पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर दादांनी आईचे पाय धुतले. मार्चमधला तापलेला डांबरी रस्ता, तीही अनवाणीच गेली होती.

बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आम्ही तिघं चर्चमधून घरी आलो. मी चहा टाकला आणि सवयीनं विचारलं, "दादा, साखर नको ना?"

"घाल," ते म्हणाले. "यंदा साखर नाही सोडली."

"मग काय सोडलंत?"

आईनं कपाळाला हात लावला, बोटाला आलेलं काळं बघितलं आणि म्हणाली, "आज नाताळ हाय का?"

मी दादांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. मग त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. "कपाळाला काहीतरी लागलंय तुझ्या," एवढंच म्हणाले. तेव्हा मला कळलं त्यांनी काय सोडलं ते.

चूक न काढता राहणं त्या माणसाला किती जड गेलं, ते मी बघितलं आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी आईच्या वाटच्या सगळ्या चुका जगाच्या काढल्या. दूधवाल्याच्या, केबलवाल्याच्या, माझ्या, वर्तमानपत्राच्या. पेपर लाल शाईनं भरून जायचा. इस्त्रीवाल्याच्या पाटीवरचा 'कपडयांना' ते स्वतः ब्रश घेऊन नीट करून आले. आई काहीतरी म्हणायची, ते ताडकन उठून अंगणात जायचे आणि कढीपत्त्याला पाणी घालायचे. पाण्याची टंचाई असूनही त्या वर्षी तो कढीपत्ता फार माजला.

शालूमावशीचा प्रश्न यायचा तेव्हा मात्र कढीपत्ता पुरायचा नाही. आई उत्तर मिळेपर्यंत विचारायची. एका संध्याकाळी आमच्याकडे लेंतची प्रार्थना होती. आळीपाळीनं घरोघरी जमून गाणी, वचन, प्रार्थना, मग सरबत. सगळे गेल्यावर दादांनी पाळकसाहेबांना थांबवून घेतलं. पाळकसाहेब वयानं माझ्याहून लहान.

"खरं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का, साहेब?" दादांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी हातातला ग्लास फिरवला. आतल्या खोलीत आई उशीच्या अभ्र्याच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"मला माहीत नाही, सर," ते म्हणाले. "माझ्या आजीला मी खरं सांगत राहिलो होतो. आता वाटतं, कशाला सांगितलं. पण तुमचं मला सांगता येणार नाही."

ते गेल्यावर दादा म्हणाले, "बरा आहे मुलगा. माहीत नाही म्हणाला."

वाट त्यांना त्यांचीच सापडली, तीही शोधून नव्हे, शब्द संपल्यामुळे. एका दुपारी, सुट्टी होती म्हणून मी घरी होते, आईनं विचारलं, "शालू आली न्हाय का?" दादांनी तोंड उघडलं, मिटलं. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "तुला तिची आठवण येते का गं?"

"येती की," आई म्हणाली. "लई येती."

"काय करायचा तुम्ही दोघी?"

आणि आई बोलायला लागली. करकंबच्या बाजाराचा दिवस, उसाच्या गाड्यांमागून पळत ओढलेली कांडी, कालव्यात वाहून गेलेली शालूची चप्पल, ती आणायला आपण कशी उडी मारली आणि चप्पल राहिली बाजूला, आपल्यालाच कसं दोघांनी धरून बाहेर काढलं. वाक्यं तुटत होती, माणसं एकमेकांत मिसळत होती, कालव्यात मधेच आमचं सोलापूरचं घर येत होतं. पण ती हसत होती. मी पाठमोऱ्या दादांकडे बघत होते. ते एकदाही म्हणाले नाहीत की कालव्याला तेव्हा पाणी नव्हतं, किंवा तो बाजार सोमवारचा. ते फक्त म्हणत होते, "मग?"

त्या दिवसापासून दुपारी चारनंतर ऊन जरा कललं की खिडकीशी दोन खुर्च्या मांडल्या जायच्या. प्रश्न तोच, शालू आली न्हाय का. आणि त्यावर दादांचा प्रश्न तोच. मी बँकेतून आले की दादा मला आत बोलावून सांगायचे, "बेबी, तुला माहीत आहे का, तुझी आई झाडावर चढायची. चिंचेच्या. मला इतक्या वर्षांत कधी बोलली नाही." मग म्हणायचे, "मी विचारलंच नसेल."

त्यातली एक गोष्ट माझ्या समोर घडली. खाली कलिंगडवाला ओरडत होता. मी शेंगांची चटणी कुटत होते. आई एकदम म्हणाली, "मला बगायला एक मास्तर आला होता."

दादांनी मान वर केली. "असं? कुठला?"

"सोलापूरचा. शालूनं चहा केला. साखर म्हणून मीठ घातलं. मुद्दाम न्हाय, अंधार होता सैपाकघरात. मी नेऊन दिला. आत आल्यावर शालूनं बोट घालून चाटून बगितलं आन् तिचं तोंड हे एवढं झालं. आमी दोगी दाराआड. आता हा थुकतो का काय करतो."

"मग?"

"प्याला की. सगळा. बशीतला सुदिक. आमच्या आबांनी इचारलं, आणखी घेणार का. तर न्हाय म्हणाला, पण चहा चांगला हाय म्हणाला."

दादांनी चष्मा काढून हातात घेतला. "आणि मग?"

"मग काय. शालू म्हणाली, हा काळा हाय आन् लई शिकलेला हाय, करू नको. मी म्हणलं, मी ह्यालाच करणार. ज्यानं एवढी चूक बगून तोंड वाकडं केलं न्हाय, तो मला जन्मभर बोलायचा न्हाय."

चटणीचा बत्ता माझ्या हातात तसाच राहिला. दादांनी अगदी हळू विचारलं, "आणि बोलला का तो?"

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं रिक्षात शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडं पाहावं. "कोण?"

"तो मास्तर."

"आता काय आठवत न्हाय बगा," आई म्हणाली. "पण माणूस गरीब होता."

त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत. मी ताट वाढून बोलवायला गेले तर म्हणाले, "भूक नाही, बेबी. तुम्ही बसा." अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते बसून होते. कडुनिंबाचा मोहर गळत होता, त्यांच्या पांढऱ्या केसांत बारीक बारीक फुलं अडकली होती. मी ती काढली नाहीत.

आता वाटतं, आपण लेंतमध्ये जे सोडतो ते बहुधा आपल्याला परत मिळणारच असतं. साखर डब्यात वाट बघत असते. म्हणून ते सोडणं हलकं. दादांनी सोडलं ते त्यांचं हाडच होतं; इतक्या वर्षांत तोच त्यांचा स्वभाव, तीच त्यांची प्रतिष्ठा. बरोबर असणं. ते सोडल्यावर माणसाजवळ काय उरतं, ह्याची त्यांना भीती वाटली असणार. मलाही वाटली होती. पण त्या रिकाम्या जागेत आई येऊन बसली, करकंबची, चिंचेवर चढणारी, आमच्यापैकी कुणालाच न भेटलेली.

ईस्टरला आमच्याकडे पहाटे कबरस्तानात जायची रीत आहे. आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, पहाटे मेणबत्त्या लावतात, फुलं वाहतात आणि तिथंच सूर्योदयाची उपासना होते. आईला न्यायचं की नाही, ह्यावर मी आणि दादा बोललो. शालूमावशी तिथंच होती.

"तिला दिसलं तर?" मी म्हटलं.

"तिचाही सण आहे, बेबी," दादा म्हणाले. "घरात कोंडून कसं ठेवायचं?"

गेलो. हवेत अजून गारवा होता. मोगऱ्याचा आणि मेणाचा वास, ओळीनं लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या. पूर्वेकडे तांबडं फुटलं तसे पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे," आणि सगळ्यांबरोबर आईनंही खणखणीत आवाजात म्हटलं, "खरोखर उठला आहे." तेवढं ती विसरली नव्हती. उपासना संपली, लोक आपापल्या माणसांच्या कबरींकडे पांगले. कुणाला तरी सलाम करायला दादा वळले आणि आई त्यांचा हात सोडून ओंजळीत फुलं घेऊन पुढे निघाली. दिसेल त्या कबरीवर एकेक फूल ठेवत चालली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती एका दगडासमोर थांबली होती.

तिला वाचता येत होतं. ते शेवटपर्यंत गेलं नाही. अक्षरांवर बोट ठेवत, शाळेतल्या पोरीसारखं तिनं नाव वाचलं. मग दादांकडे बघितलं.

"ही आपली शालू हाय?"

"हो," दादा म्हणाले.

मला वाटलं आता ती रडेल, आता खाली बसेल. ती बसली खरी, पण सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. चुन्यावर पडलेली कडुनिंबाची पानं तिनं एकेक करून बाजूला केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज नव्हता.

"मला कुणी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. मग दादांना, "तुमी सांगितलं न्हाय मला."

मी तोंड उघडलं होतं. तिला किती वेळा सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. आजारात तिनंच मावशीला पाजलं, भरवलं होतं, शेवटी डोळेही तिनंच मिटले होते. दादांनी हातानंच मला थांबवलं. त्यांचे गुडघे दुखतात, तरी माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते तिच्याशेजारी मातीत बसले.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं, रत्ना. चुकलं माझं."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग त्याच पदरानं त्यांचेही पुसले.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमाला तरी कसं सांगवणार होतं."

तिच्या ओंजळीत थोडी फुलं उरली होती. त्यातली अर्धी तिनं त्यांच्या हातात दिली आणि दोघांनी ती शालूमावशीला वाहिली.